बांधावरची विद्या

विद्येचें क्षेत्र मुळांत एकसंध असलें तरी माणसानें आपल्या सोयीसाठीं त्याची वांटणी केली, आणि वांटणी आली कीं बांध आले. पदार्थविज्ञानाचें शेत इकडे, शरीरक्रियाशास्त्राचें तिकडे, वैद्यकाचें त्याच्या पलीकडे, आणि मानसशास्त्राचा अलीकडे फोडलेला तुकडा ओढ्याच्या कांठीं. आमच्याकडे शेतकऱ्यांमध्यें बांधावरून डोकीं फुटतात. वीतभर जमिनीसाठीं दोन दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. विद्वानांची रीत याच्या अगदीं उलट. त्यांच्यांत बांधावरची जमीन कोणालाच नको असते. तेथें जें उगवेल त्याला या शेताचा धनी 'तें माझें नव्हे' म्हणतो, त्या शेताचा धनीही तेंच म्हणतो. आणि तेथें राबणाऱ्या माणसाला पगार कोणीं द्यावा हा प्रश्न तर कोणी काढीतच नाहीं.

अशा बांधावरच्या विद्यांपैकीं मर्दनाची, म्हणजे हातानें अंग चोळण्याची, दाबण्याची व हलविण्याची विद्या ही एक होय. हाताचा स्नायूवर किती दाब पडतो हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा. त्या दाबानें रक्तप्रवाहांत व मज्जातंतूंत काय घडतें हा शरीरक्रियाशास्त्राचा. त्यानें दुखणें हटतें किंवा नाहीं हा वैद्यकाचा. आणि आपल्या माणसाचा हात पाठीवरून फिरतांच जीव निवांत कां होतो हा मानसशास्त्राचा. प्रश्न चौघांचा म्हणून उत्तराची जबाबदारी कोणाचीच नाहीं. या विद्येला युरोपांत शाळा कशा मिळाल्या, त्या कोणत्या अटींवर मिळाल्या, आणि पदार्थविज्ञानाचा एक चांगला अभ्यासक प्रयोगशाळा सोडून या बांधावर कां येऊन बसला, हें येथें सांगावयाचें आहे.

आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. वाग्भटानें 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्येंत नित्य अभ्यंग सांगितला असून डोकें, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष पुरवावयास सांगितलें आहे. बाळ-बाळंतिणीला तेल लावण्यासाठीं बाई ठेवण्याची चाल महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांतूनही अद्याप मोडलेली नाहीं. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यावर बाळाला उपडें घालून ती त्याची पाठ ज्या सराईतपणानें चोळते तो पाहण्यासारखा असतो. तालमींतले वस्ताद लचकलेला खांदा चोळून बसवितात, तोही त्याच जातीचा सराव. हीं माणसें आपली विद्या सासूकडून, आईकडून किंवा गुरूकडून शिकलेलीं असतात. त्यांचें नांव कोणत्याही दप्तरांत नसतें. डॉक्टर त्या बाईला कांहीं विचारीत नाहीं, बाईही डॉक्टराला कांहीं विचारीत नाहीं, आणि एकाच आठवड्यांत एकच मूल दोघांच्याही हातांखालून जातें!

युरोपांत स्पर्शाचा शास्त्रीय विचार प्रथम ज्यांनीं नेटानें केला त्यांत लाइप्झिग विद्यापीठांतील शरीरशास्त्राचे अध्यापक अर्न्स्ट हाइन्रिख वेबर यांचें नांव मोठें आहे. त्यांचा स्पर्शावरील लॅटिन ग्रंथ १८३४ सालीं प्रसिद्ध झाला. कंपासाचीं दोन टोकें अंगावर टेकविलीं असतां तीं दोन आहेत हें केव्हां कळतें व केव्हां तीं एकच वाटतात, हें त्यांनीं अवयवागणिक तपासलें. जिभेच्या शेंड्याला मिलिमीटरभर अंतर पुरतें. पाठीच्या मध्यावर तेंच अंतर पांच-सहा सेंटिमीटर करावें लागतें. याहूनही महत्त्वाची गोष्ट त्यांना वजनांच्या प्रयोगांत सांपडली. दोन वजनांतला फरक हाताला कळणें हें तो फरक किती यावर अवलंबून नसून मूळ वजनाशीं त्याचें प्रमाण किती यावर अवलंबून असतें. पाठीवर धान्याचें पोतें घेतलेल्या हमालाला त्यांत आणखी मूठभर दाणे पडल्याचा पत्ता लागत नाहीं. तेच दाणे मोकळ्या तळहातावर पडले तर डोळे मिटूनही कळतात. हा साधा नियम पुढें या लेखांत पुन्हां येणार आहे, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

वेबर यांच्या नियमाला गणिताचें रूप दिलें तें गुस्ताव थिओडोर फेक्नर यांनीं. फेक्नर यांचें शिक्षण वैद्यकाचें, पण १८३४ सालीं त्याच विद्यापीठांत ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले. रंगीत कांचांतून सूर्याकडे पाहून डोळ्यांत उरणाऱ्या प्रतिमांचे प्रयोग करतां करतां त्यांची दृष्टि इतकी बिघडली कीं १८४० च्या सुमारास त्यांना अध्यापनाचें काम सोडावें लागलें. मन आणि शरीर यांच्यामधील प्रमाणाचें नवें शास्त्र मांडणारा त्यांचा ग्रंथ १८६० चा, म्हणजे ती गादी सुटून वीस वर्षें झाल्यानंतरचा आहे. अध्यापकाच्या गादीवर दृष्टि शाबूत असती तर हा ग्रंथ झाला असता किंवा नाहीं, याची आम्हांस शंका वाटते. ज्या माणसावर कोणत्याही शेताची राखण करण्याची जबाबदारी उरलेली नसते तोच बहुधा बांधावर निश्चिंतपणें हिंडूं शकतो.

याच्या अगदीं विरुद्ध उदाहरण हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचें. त्यांना तरुणपणीं पदार्थविज्ञानच शिकावयाचें होतें, परंतु वडिलांची मिळकत बेताची. म्हणून सैन्यांत सर्जन म्हणून नोकरी करण्याच्या अटीवर सरकारी खर्चानें ते वैद्यक शिकले. १८५० सालीं त्यांनीं बेडकाच्या मज्जातंतूंतून संदेश किती वेगानें जातो हें मोजून दाखविलें. त्यांचे गुरु योहानेस म्युलर यांना हा वेग मापनाच्या पलीकडचा वाटत होता. तो निघाला सेकंदाला सुमारें २५ ते ३० मीटर, म्हणजे आजच्या रस्त्यावरील वेगवान मोटारीइतका. दुसऱ्याच वर्षीं डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र त्यांनीं तयार केलें. कोनिग्सबर्ग, बॉन व हायडेलबर्ग येथें शरीरक्रियाशास्त्र शिकवून अखेर १८७१ सालीं ते बर्लिन येथें पदार्थविज्ञानाच्या गादीवर आले. दोन शास्त्रांमधला बांध त्यांनीं ओलांडला, आणि ओलांडतांना प्रत्येक वेळीं त्यांची पदोन्नतिच झाली.

असें कां झालें? हेल्महोल्ट्झ यांच्या बुद्धीचा भाग तर आहेच. परंतु प्रत्येक खेपेस त्यांनीं विद्यापीठाच्या दारांत एक आंकडा किंवा एक यंत्र आणून ठेवलें, हेंही विसरतां येत नाहीं. आंकडा कोणत्याही शेतांत पिकतो. नुसत्या हाताच्या कौशल्याचें तसें नाहीं.

आंकडा असूनही बांध ओलांडूं न दिल्याचें उदाहरण आमच्याच देशांतलें आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस विद्युल्लहरींवर प्रयोग करीत होते तोंवर इंग्लंडांतल्या विद्वानांनीं त्यांचें कौतुकच केलें. तेच बोस वनस्पतींच्या व प्राण्यांच्या ऊतींचे विजेचे प्रतिसाद मोजून १९०१ सालीं रॉयल सोसायटीपुढें उभे राहिले, तेव्हां शरीरक्रियाशास्त्रांतले तेथील वडील पंडित सर जॉन बर्डन-सँडरसन यांनीं हें आपल्या शास्त्राचें क्षेत्र असल्याचें त्यांना जाणवून दिलें व निबंधाचें नांवच बदलावयास सुचविलें. बोस यांनीं तें मानलें नाहीं, आणि निबंध त्या वेळीं छापला गेला नाहीं. जातिभेदावरून आम्हांस उपदेश करणाऱ्या देशाच्या विद्वत्सभेंत हा सोंवळ्या-ओंवळ्याचा प्रकार घडावा, हें नमूद करण्यासारखें आहे. १९१७ सालीं बोस यांनीं कलकत्त्यास स्वतःची संस्था स्थापिली, ती एका शास्त्रापुरती मर्यादित नव्हती. परंतु प्रत्येक बांधकऱ्याला स्वतःचें मंदिर बांधतां येतें असें नाहीं.

आतां हाताकडे वळूं. मर्दनाच्या पाश्चात्य पद्धतीला 'स्वीडिश' म्हणण्याची रूढि आहे आणि तिचें जनकत्व पेर हेन्रिक लिङ् यांना देण्यांत येतें. हें पुरतें खरें नव्हे. लिङ् हे पट्ट्याचे हात शिकविणारे व कविता करणारे गृहस्थ. व्यायामाला शरीरशास्त्राचा आधार असावा या कल्पनेनें भारून त्यांनीं १८१३ सालीं स्टॉकहोम येथें राजाच्या आश्रयानें व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली. रोग्याला द्यावयाचा व्यायाम हा तिच्या शिक्षणाचा एक भाग होता. परंतु आज जगभर मर्दनाच्या वर्गांत पाठ करून घेतलेलीं फ्रेंच नांवें — हळुवार हात फिरविण्याला 'एफ्ल्यूराज', मळण्याला 'पेत्रिसाज', थापटण्याला 'तापोतमाँ' — हीं रूढ होण्याचें श्रेय योहान गेओर्ग मेझ्गर या डच वैद्याकडे जातें. मुरगळलेल्या पायावर घर्षणाचा उपचार हा विषय घेऊन त्यांनीं १८६८ सालीं लायडेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. एका हस्तकौशल्याला विद्यापीठाचें दार किलकिलें झाल्याचें हें उदाहरण; पण तें उघडलें तें वैद्यासाठीं, हात चालविणाऱ्यासाठीं नव्हे.

हात चालविणाऱ्यांसाठीं दार कसें उघडलें, ही हकीकत लंडनची आहे आणि ती आम्हांस या साऱ्या इतिहासांतली सर्वांत बोधक वाटते. १८९४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नल या वैद्यकीय पत्रानें असें उघडकीस आणलें कीं, मर्दनाच्या पाटीखालीं शहरांत अनाचाराचे अड्डे चालू आहेत. या बोभाट्यानें प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या शुश्रूषिका व सुइणी यांची अब्रू धोक्यांत आली. दुसरीं कोणी असतीं तर वृत्तपत्रांत खुलासे छापून गप्प बसलीं असतीं. ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनीं त्याच वर्षीं शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा ठरविली, आणि सभासदांना कडक नियम घालून दिले. वैद्याच्या सांगण्यावांचून कोणालाही मर्दन करावयाचें नाहीं. पुरुषांना सर्वांगाचें मर्दन करावयाचें नाहीं. वैद्यकीय पत्रांवांचून इतरत्र जाहिरात द्यावयाची नाहीं. रोग्याला औषधें विकावयाचीं नाहींत.

या नियमांत विद्येविषयीं एक शब्दही नाहीं, सारे नियम अब्रूविषयींचे आहेत, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु ज्या कामाला अब्रू नाहीं त्याची विद्या कोण शिकणार? १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां जखमी शिपायांसाठीं मर्दन करणाऱ्या स्त्रियांचें पथक तात्काळ उभें करतां आलें, कारण वीस वर्षें परीक्षा देऊन तयार झालेले हात हजर होते. १९२० सालीं संस्थेला राजाची सनद मिळाली, पुरुषांनाही प्रवेश मिळाला. आणि १९४४ सालीं संस्थेनें आपलें नांव बदलून 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' असें केलें. ज्या शब्दाच्या अब्रूसाठीं संस्था जन्मली तो 'मर्दन' हा शब्द पन्नास वर्षांत तिच्या पाटीवरून नाहींसा झाला! विजेचे उपचार, उष्णतेचे उपचार, व्यायामाचीं यंत्रें हीं आंत आलीं, तसतसा नुसता हात दाराकडे सरकत गेला. वैद्याच्या आज्ञेवांचून काम न करण्याची जी अट पहिल्या दिवशीं मान्य केली होती तिची किंमत अशी कीं, हाताला काय कळतें याचा शोध स्वतः घेण्याचा हक्क या वर्गाला बहुत काळ मिळाला नाहीं.

त्याच दशकाच्या सुमारास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फेअरली या गांवीं ब्रिटिश आरमाराच्या प्रयोगशाळेंत एक परदेशी शास्त्रज्ञ ध्वनिलहरींच्या साह्यानें पाणबुड्या हुडकण्याच्या कामावर होता. त्याचें नांव मोशे फेल्डेनक्राइस. जन्म १९०४ सालीं, आजच्या युक्रेनमधील स्लावुता या गांवीं, यहुदी कुटुंबांत. चौदाव्या वर्षीं घर सोडून तो पॅलेस्टाइनला जाण्यासाठीं निघाला. तेल अवीव शहर बांधलें जात असतां त्यानें मजुरी केली, मागाहून शाळा पुरी केली, मोजणीखात्यांत नकाशे काढले, अभ्यासांत मागें पडलेल्या मुलांना शिकविलें. १९३० सालीं पॅरिसला जाऊन तो एंजिनिअर झाला व पुढें फ्रेदेरिक जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागला. जोलिओ-क्यूरी पतिपत्नींना १९३५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्या काळची ही प्रयोगशाळा. पदार्थविज्ञानाच्या तरुण अभ्यासकाला याहून चांगली जागा मिळणें कठीण. याच पॅरिसमध्यें १९३३ सालीं ज्यूडोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांची व त्याची गांठ पडली, आणि दिवसां अणूचें केंद्र व संध्याकाळीं ज्यूडोची तालीम असा त्याचा दुहेरी अभ्यास सुरू झाला. १९४० सालीं जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हां तो निसटून इंग्लंडला पोंचला.

त्याचा गुडघा पॅलेस्टाइनमध्यें फुटबॉल खेळतांना दुखावला होता. युद्धकाळांत तें दुखणें पुन्हां उसळलें. शस्त्रक्रियेनें गुण येईलच अशी खात्री सर्जन देईनात, तेव्हां त्यानें शस्त्रक्रिया नाकारली आणि स्वतःच्या गुडघ्याकडे एंजिनिअरच्या दृष्टीनें पाहण्यास सुरुवात केली. चालतांना भार कोठून कोठें जातो, पाऊल टेकतांना कंबरेंत काय होतें, दुखऱ्या पायाला वांचविण्यासाठीं चांगला पाय कोणत्या वाईट संवयी लावून घेतो, हें तो पडल्यापडल्या बारकाईनें पाहूं लागला. फेअरली येथें बरोबरीच्या शास्त्रज्ञांसमोर त्यानें या विषयावर व्याख्यानें दिलीं. त्यांतून 'बॉडी अँड मॅच्युअर बिहेवियर' हें पुस्तक १९४९ सालीं बाहेर पडलें.

त्या पुस्तकांतल्या दोन विचारांचा उल्लेख अवश्य आहे, कारण ते पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकालाच सुचावे असे आहेत. उभा माणूस म्हणजे उलटा टांगलेला लंबक होय; त्याचा गुरुत्वमध्य उंच आणि पाया अगदीं लहान. वास्तुशिल्पाच्या दृष्टीनें ही मांडणी वाईट, कारण ती केव्हांही कोसळेल. परंतु फेल्डेनक्राइस म्हणतात, माणूस इमारत नव्हे. उंचावरचा भार म्हणजे सांठविलेली शक्तिच होय, आणि उभ्या अक्षाभोवतीं पसारा लहान असल्यामुळें शरीराला गर्रकन वळणें सोपें जातें. तेव्हां चांगलें उभें राहणें म्हणजे स्थिर राहणें नव्हे, तर कोणत्याही दिशेला पूर्वतयारीशिवाय निघतां येणें. 'ताठ बैस' म्हणून मुलांच्या पाठीं लागणाऱ्या वडील मंडळींनीं यावर विचार करण्यासारखा आहे. दुसरा विचार म्हणजे वेबरचा नियम. जो मनुष्य अंगाला जोर देऊन हालचाल करतो त्याला आपल्या हालचालींतले बारीक फरक कळूंच शकत नाहींत, पोतें वाहणाऱ्या हमालासारखेंच. म्हणून शिकावयाचें असेल तर जोर कमी करा, वेग कमी करा, हालचाल इतकी लहान करा कीं फरक कळूं लागेल. लाइप्झिगच्या प्रयोगशाळेंतला नियम शंभर वर्षांनंतर दुखऱ्या गुडघ्याच्या कामीं आला.

पुढें फेल्डेनक्राइस इस्रायलला गेले. तेथें कांहीं काळ सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचें काम करून त्यांनीं पदार्थविज्ञान कायमचें सोडलें. पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन हे त्यांचे शिष्य झाल्यावर त्यांची कीर्ति पसरली. आपण रोगी तपासतों असें ते म्हणत नसत; आपल्याकडे येतात ते विद्यार्थी, आणि आपण हातानें करतों तो धडा, असा त्यांचा आग्रह असे. मर्दन हा शब्दही त्यांना मान्य नव्हता, कारण आपला हात स्नायूला चोळीत नसून मज्जासंस्थेला शिकवितो असें त्यांचें म्हणणें. शब्दांचा वाद बाजूला ठेवला तरी पाहणाऱ्याला दिसतें तें एवढेंच, कीं एक माणूस मेजावर पडलेला आहे व दुसरा त्याला हळुवार हात लावीत आहे.

आतां प्रश्न असा कीं अशी विद्या शिकवावी कशी? फेल्डेनक्राइस यांनीं प्रथम तेल अवीवमध्यें तेरा शिष्य तयार केले; १९७५ पासून सॅन फ्रॅन्सिस्को येथें साठ-पासष्ट; १९८० पासून अमेरिकेंतच अम्हर्स्ट येथें दोनशेंच्या वर. १९८१ नंतर आजारामुळें त्यांना शिकविणें जमलें नाहीं, तेव्हां तो शेवटचा वर्ग सहाय्यकांनीं पुरा केला. १९८४ सालीं ते वारले. शिष्यांनीं संघ काढला, शिक्षणाचे तास व प्रमाणपत्रें ठरविलीं, आणि पद्धतीचें नांव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविलें. यांत शिष्यांचा दोष काढण्याचें कारण नाहीं. विद्यापीठानें ज्याला दार उघडलें नाहीं त्यानें आपलें दुकान कोठें तरी थाटलेंच पाहिजे. तथापि मनाला खटकतें तें असें. न्यूटनचे नियम वापरावयास न्यूटनच्या संघाचें सभासद व्हावें लागत नाहीं, आणि ते चुकले तर ते सुधारण्याची मुभा सर्वांना असते. व्यापारचिन्ह लागलेली विद्या सुधारणें अवघड. ज्या माणसानें सारा जन्म संवयी मोडण्याचें शिकविलें त्याचेच शब्द शिष्यांनीं अक्षरशः जपून ठेवले, हा योग विलक्षण खरा.

पुराव्याचें काय? ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें अशा अनेक उपचारांची छाननी करविली, तिचा अहवाल २०१५ सालीं आला. फेल्डेनक्राइस पद्धतीचा उपयोग सिद्ध करणारा पुरेसा भरंवशाचा पुरावा त्यांत आढळला नाहीं, आणि १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य-विम्याच्या सवलतींतून ती व तिच्यासारख्या पंधरा पद्धति वगळण्यांत आल्या. पुरावा नाहीं याचा अर्थ उपयोग नाहीं असा होत नाहीं, असें अनुयायी म्हणतात, व तर्कशास्त्राच्या दृष्टीनें तें बरोबर आहे. पण पुरावा गोळा करणें हें कोणाचें तरी काम असावयास हवें होतें. प्रयोगशाळेंत वाढलेल्या फेल्डेनक्राइस यांना तें इतर कोणाहूनही अधिक चांगलें करतां आलें असतें. त्यांनीं तें केलें नाहीं, आणि आमच्या मतें त्यांच्या कारकीर्दींतली ही मोठी उणीव आहे. लंडनच्या त्या चौघी शुश्रूषिकांपाशीं ना प्रयोगशाळा होती ना पदवी. तरी परीक्षा घेण्याची कल्पना त्यांना पहिल्याच वर्षीं सुचली.

हाताच्या विद्येकडे शास्त्र परत आलें तें दुसऱ्याच वाटेनें. अमेरिकेंत मायामी विद्यापीठांतील टिफनी फील्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या चाळीस अर्भकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या अर्भकांचें दहा दिवस, रोज तीन वेळां, पंधरा पंधरा मिनिटें अंग चोळण्यांत व हातपाय हलविण्यांत आले. त्यांचें वजन इतरांपेक्षां दररोज शेंकडा ४७ नें अधिक वाढलें, आणि दूध मात्र दोन्ही गटांना सारखेंच मिळालें होतें. हात अगदीं हलका ठेवला तर अर्भकाला गुदगुल्या होऊन तें कंटाळतें, बेताचा दाब असावा लागतो, असेंही पुढील अभ्यासांत दिसून आलें. तेल लावणाऱ्या बाईला हें कोणीं सांगावें लागत नाहीं! तथापि २००४ सालीं अशा सर्व प्रयोगांची जी एकत्र तपासणी झाली, तिनें पुरावा अद्याप कच्चा असल्याचेंच मत दिलें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

आणि स्वीडनमध्यें, म्हणजे लिङ् यांच्याच देशांत, जिवंत माणसाच्या मज्जातंतूंत केंसासारखी बारीक सुई घालून त्यांतले संदेश ऐकण्याची युक्ति १९६० नंतरच्या वर्षांत उप्साला येथें हागबार्थ व वाल्बो यांनीं काढली. तिच्या साह्यानें केंसाळ त्वचेंतील एका विशेष प्रकारच्या तंतूंचा अभ्यास झाला. हे तंतु मंद आहेत. हेल्महोल्ट्झ यांनीं मोजलेला वेग कोठें आणि यांचा सेकंदाला मीटरभर कोठें! टोंचणी, धक्का यांची वर्दी देण्यास ते निरुपयोगीच. पण २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें दाखविण्यांत आलें कीं, त्वचेवरून हलका ब्रश सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगानें फिरविला असतां हे तंतु सर्वांत अधिक जागे होतात, त्याहून जलद किंवा त्याहून सावकाश फिरविल्यास मंदावतात. आणि माणसांना विचारलें तर त्यांनाही त्याच वेगाचा स्पर्श सर्वांत सुखकर वाटतो. मायेनें फिरविलेल्या हाताला अखेर आंकडा मिळाला. तो मिळण्यास वेबर यांच्या ग्रंथानंतर पावणेदोनशें वर्षें लागलीं, आणि पदार्थविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, वैद्यक व मानसशास्त्र या चारही शेतांतलीं माणसें एका मेजाभोवतीं बसावीं लागलीं.

महाराष्ट्रांत अशी खटपट कोणीं केलीच नाहीं असें नव्हे. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यांत तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि उड्डियान, नौली इत्यादि क्रियांत पोटांतला दाब किती बदलतो हें यंत्रांनीं व क्ष-किरणांनीं तपासून 'योगमीमांसा' या त्रैमासिकांत छापलें. योगाला यंत्रासमोर बसविणें त्या काळीं दोन्हीकडच्या सोंवळ्यांना रुचण्यासारखें नव्हतें. बोस यांच्याप्रमाणें त्यांनाही विद्यापीठाबाहेरच बिऱ्हाड करावें लागलें. मर्दनाच्या वांट्याला असा कोणी स्वामी आला नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीची शाळा निघाली, पुढें तिची पदवी झाली. तेथें शिकणारीं मुलेंमुली शरीराचें यंत्रशास्त्र शिकतात आणि पदवी घेऊन देशोदेशीं जातात. २०२१ सालीं संसदेनें आरोग्याशीं संबंधित व्यवसायांची नोंदणी करण्याचा कायदा केला, त्याच्या परिशिष्टांत फिजिओथेरपिस्ट आहे.

तेल लावणारी बाई त्या परिशिष्टांत नाहीं. तिची मजुरी अद्याप तोंडीच ठरते, आणि तिची मुलगी बहुधा शिकून दुसऱ्या कामाला लागते. फेल्डेनक्राइस यांचे तेल अवीवमधील पांचशेंहून अधिक पाठ ध्वनिफितींवरून शब्दशः उतरवून छापलेले आहेत. पाटावर बसून बाळाची पाठ चोळणाऱ्या त्या हाताचा एकही पाठ कोणीं लिहून घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.